दोन मिनिटांचा दगड

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या फाटकाला आयुष्यात एकच गोष्ट येते, ती म्हणजे आपोआप बंद होणे. नेमकी तीच गोष्ट या घराने मला कित्येक वर्षे करू दिली नाही. म्हणून आज माझा सूर जरा तक्रारीचा वाटला, तर सांभाळून घ्या.

घरामागे पोहण्याचा तलाव आहे, त्याच्या कुंपणाचे मी फाटक. माझा जन्म एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. मला घडवणारे मिस्त्री बोलायचे कमी आणि मोजायचे फार. गावचा नियमच तसा कडक होता. घरी तलाव बांधायचा, तर चारी बाजूंनी छातीएवढे उंच कुंपण हवे. दोन गजांमधून तान्ह्या बाळाचेही डोके जाता कामा नये. बाहेरून पाय ठेवून चढता येईल अशी आडवी पट्टी नको. फाटक तलावाकडे नाही, बाहेरच्या बाजूला उघडायला हवे. आणि खिटी आतल्या अंगाला, लहान हात पोचणार नाही इतकी वर.

मिस्त्रींनी मला स्प्रिंगच्या बिजागऱ्या बसवल्या. मग चार बोटे उघडले आणि हळूच सोडले. मी अर्ध्यातच अडकले. त्यांनी स्प्रिंग आणखी आवळली, पुन्हा सोडले. खट्!

"धाडकन लोटलं की कुठलंही फाटक लागतं," ते माझ्या गजांवर हात फिरवत म्हणाले. "चार बोटांवरून लागेल ते खरं."

ते वाक्य मी अजून जपून ठेवले आहे.

सुरुवातीची वर्षे फार सुखाची गेली. घरमालकांची लेक तेव्हा दोन वर्षांची होती. ती माझे गज धरून उभी राहायची, पाण्याकडे बघत बडबडायची आणि कंटाळून परत फिरायची. मालकीणबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "हे फाटक आहे म्हणून मी स्वयंपाकघरात निर्धास्त असते." अशा वेळी माझा काळा रंगसुद्धा उजळ दिसत असावा.

मग लेक मोठी झाली, पोहायला शिकली, लग्न होऊन गेली. तेव्हापासून माझे दिवस फिरले. एकदा खुर्च्या आत न्यायच्या होत्या. दोन्ही हात अडकलेले, आणि मी आपले दर खेपेला मिटायचे. मालक वैतागले. त्यांनी बागेतला एक गुळगुळीत दगड उचलला आणि माझ्या उंबऱ्यावर अडकवला.

"दोनच मिनिटं," ते म्हणाले.

मित्रांनो, ती दोन मिनिटे सहा वर्षे चालली.

मला सगळ्यात जास्त चीड यायची ती तपासणीच्या दिवसाची. पालिकेचे तपासनीस वर्षातून एकदा येत. त्या सकाळी सगळे घर शहाणे व्हायचे! दगड झुडपामागे जायचा. कुंपणाला टेकलेल्या खुर्च्या दूर व्हायच्या. पाण्यात तरंगणारा चेंडू बाहेर निघायचा, कारण खेळणे दिसले की मूल पाण्याकडे धावते. माझ्या बिजागऱ्यांना तेल मिळायचे. तपासनीस मला चार बोटे उघडून सोडत. खट्! "उत्तम," असे म्हणून ते सही करत. त्यांची पाठ वळते न वळते तोच दगड पुन्हा उंबऱ्यावर.

मी काय करणार? मला हात नाहीत. तोंड आहे ते फक्त 'खट्' म्हणण्यापुरते, आणि तेही बांधलेले.

माझ्या बाजूची एकच व्यक्ती होती, मालकांची थोरली बहीण. सगळे तिला आत्या म्हणत. ती राहायला आली की पहिल्यांदा दगड पायाने उडवायची.

"ताई, अगं घरात लहान मूल आहे कुठे?" मालक म्हणायचे.

"मूल काय पत्र पाठवून येतं का?"

"बघा, आली फाटकाची वकिलीण!" मालकीणबाई हसायच्या. आत्या झोपायला गेली की दगड परत जागेवर.

आणि एका सुट्टीत मूल आलेच. लेकीची लेक, पावणेदोन वर्षांची. एका जागी ठरत नसे म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. मी तिला पाहिले आणि माझ्या बिजागऱ्या आखडल्या. आता तरी दगड निघेल असे वाटले. तो दोन दिवस निघालाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तलावाशेजारी जेवायचे ठरले, टेबल आत न्यायचे होते. "दोनच मिनिटं!"

जेवण झाले. सगळे ओसरीवर येऊन गप्पांत रंगले. आजीला वाटले, भिंगरी आईजवळ आहे. आईला वाटले, आजोबांजवळ. आजोबांना वाटले, ती निजली.

ती माझ्या उंबऱ्यात उभी होती.

पाण्यात लाल चेंडू तरंगत होता. पण तिला आधी दगड आवडला. ती खाली बसली, दोन्ही हातांनी तो उचलला, पोटाशी धरला आणि आत चालू लागली. माझी वाट मोकळी झाली होती. स्प्रिंगने आपले काम केले. मी थांबू बघत होते, पण मला थांबता येत नाही हीच तर माझी घडण!

खट्!

मी बंद झाले, आणि भिंगरी आत होती. एकटी.

ओसरीवर आत्या एकदम ताठ झाली. "फाटक कोणी लावलं?"

"लावलं असेल कुणीतरी. तुझ्या मनासारखं झालं ना?" मालक हसून म्हणाले.

"अरे, आपण सगळे इथे आहोत! भिंगरी कुठाय?"

हसणे तिथेच विझले. आत्या धावत आली, तिने वरून हात घालून खिटी उचलली, आणि त्या क्षणी मी जितके झरकन उघडले तितके कधी उघडले नव्हते. मित्रांनो, पाण्यात पडलेले मूल ओरडत नाही. दगड टाकायला वाकलेली भिंगरी दगडामागून गेली होती, आणि पाण्यावर फक्त तिचा पिवळा झगा फुगलेला दिसत होता. आत्या नेसत्या कपड्यांनिशी उतरली, तिने तिला वर काढले, पालथे धरले, पाठीवर थापट्या दिल्या. एक, दोन, तीन. मग पाणी आले, खोकला आला आणि भलेमोठे भोकाड आले.

डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेऊन तिला घरी सोडले. मालक कितीतरी दिवस माझ्या नजरेला नजर देत नव्हते. एका सकाळी ते तळाचा दगड काढायला जाळी घेऊन आले.

"राहू दे तिथेच," आत्या म्हणाली. "रोज दिसू दे."

तो अजून तिथेच आहे. माझी खिटीही आता रोज वाजते.

तरी माझी चिडचिड संपलेली नाही. कुंपणापलीकडे शेजाऱ्यांनी नवा तलाव बांधलाय. त्यांचे फाटक तरुण आहे, माझ्याच मिस्त्रींच्या हातचे. त्यांच्या अंगणात एक रांगते बाळ आहे. आणि त्या फाटकाच्या पायाशी काल सकाळपासून एक वीट आहे. मी इथून ओरडू शकत नाही.

मित्रांनो, तुम्ही त्या बाजूने गेलात तर एवढे करा. ती वीट कुणाची, कुणी ठेवली, किती मिनिटांसाठी, हे विचारत बसू नका. आधी आत कुणी नाही ना ते बघा, मग वाका आणि वीट काढा.

मी कान देऊन आहे. मला फक्त एक 'खट्' ऐकायचे आहे.