कुंपणाकडची लसूणघास

मी एक जुनी लसूणघास आहे, मित्रांनो. जपानच्या उत्तर टोकाला, होक्काइदो बेटावरच्या एका कुरणात, कुंपणाला टेकून उभी आहे. आमचं कुरण हात्सुए आजींनी पेरलं, त्यांच्या गाईंसाठी.

इथला हिवाळा दगड फोडतो. पण आम्ही मरत नसू. शरदात पानांतली साखर मुळांत साठवायची, माथा मातीत दडवायचा आणि वर बर्फ पडला की त्याखाली निवांत झोपायचं. आजी शेवटची कापणी लवकर उरकायच्या आणि मग कुणाला कुरणात विळा घेऊन फिरकू देत नसत. वसंतात आम्ही गुडघाभर व्हायचो. दुधाला गोडी कुरणाची आहे, असं त्या येईल त्याला सांगायच्या. ते ऐकून मी फुगायची, खोटं कशाला बोलू?

मग आजींचे गुडघे गेले आणि कारभार घरजावयाकडे आला. मोरिहिको बटाटेवाल्यांच्या गावचा. काढणीत मातीत राहिलेले बटाटे पुढच्या वर्षी तणासारखे माजतात, म्हणून भर थंडीत शेतावरचा बर्फ लोटून जमीन गोठवायची आणि ते मारायचे, ही त्याच्या गावची रीत. त्याने शेजारच्या पट्ट्यात बटाटा लावला होता. बटाट्याच्या गाड्या आमच्यातूनच गेल्या, चार बटाटे इथेही सांडले असतील, म्हणून ट्रॅक्टर घेऊन तो आमच्यावरही आला. आजी काठी टेकत कुंपणापर्यंत आल्या.

"जावईबापू, तिथला बर्फ काढू नका. गोधडी आहे ती त्यांची."

"आई, गवताला कसली गोधडी? तुम्ही आत बसा, पाय दुखतील."

"तुमच्या अंगावरचं पांघरूण ओढते, मग सांगा."

तो हसला आणि ट्रॅक्टर चालू केला. मला त्या हसण्याची अजून चीड येते.

उघडी जमीन गोठून फुगली. माझ्या बहिणींची मुळं तटातट तुटली, काही तर मातीतून वर उचलली गेली. वसंतात आजींनी एकेक माथा नखाने खरवडून पाहिला. आत पांढरं काहीच नव्हतं, सगळं तपकिरी आणि मऊ. विकतच्या चाऱ्यावर गाई पोसणं झेपेना. पानगळीच्या आधी गाई गेल्या, आणि पुढच्या थंडीत आजी.

मी कशी वाचले? लोटलेला सगळा बर्फ त्याने कुंपणाशी, माझ्या अंगावर रचला होता. बहिणींची गोधडी मला मिळाली. हे जगणं मला गोड लागत नाही.

आता कुरणात बटाटा आहे. हिवाळा आला की मोरिहिको फावडं घेऊन येतो आणि माझ्यावर बर्फ ओढून नीट थापतो. मित्रांनो, झोपलेल्याला मेलेला समजून त्याचं पांघरूण काढू नका. आणि काढलंत, तर नंतर असं थापत बसू नका. मी दर वसंतात गुडघाभर वाढते, आणि गोठा रिकामा आहे.