दोन वाऱ्यांचं जहाज

चित्रकाराने आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता, त्यामुळे तो उत्तर ध्रुवाकडची समुद्रचित्रं अगदी मोकळ्या मनाने काढायचा. हिमनग जमावेत म्हणून फ्रिजचा वरचा कप्पा उघडून बसायचा, तेवढाच अभ्यास. बायको मात्र कप्तानाची मुलगी. शिडाच्या जहाजांपासून सुरुवात करून निवृत्त झालेल्या त्या कप्तानांनी लग्नानंतर सात वर्षं लेकीच्या घराची पायरी चढली नव्हती. बोटीत पाय न ठेवता बोटी रंगवणाऱ्याकडे जायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं.

शेवटी तिनेच फोन केला. "बाबा, यांनी तुमचं जहाज काढलंय. हिमनगाला अगदी खेटून."

"किती खेटून?"

"येऊन बघा."

अर्ध्या तासात कप्तान हजर. जावयाकडे न बघता थेट चित्रासमोर उभे राहिले.

"शिडं पुढे फुगलीत आणि निशाण मागे फडकतंय. वारे दोन आहेत का?"

"मागे छान दिसतं," जावई म्हणाला.

"छान दिसायला ते काय वाळत घातलेला परकर आहे?"

निशाण फिरवलं. दुसऱ्या दिवशी ते शिडं तपासायला आले. बर्फात इतकी शिडं कोण उभारतं? निम्मी उतरवली. तिसऱ्या दिवशी खुर्ची लागली, चौथ्या दिवशी चहा. हिमनगाच्या इतक्या जवळ शहाणा माणूस जातच नाही, म्हणून जहाज रोज थोडं मागे सरकत पंधरवड्यात ठिपका झालं. मग कप्तानांना आठवलं, की तिकडे धुकंही फार. धुकं घातल्यावर उरला तो राखाडी पडदा.

"आता बरोबर. एकही चूक नाही," म्हणत त्यांनी टोपी उचलली.

"उद्या याल ना?" लेकीने विचारलं.

"आता काय काम?"

दार लागताच ती नवऱ्याला म्हणाली, "नवा कॅनव्हास घ्या. समुद्र तोच, जहाज तेच, पण बर्फावर पेंग्विन काढा."

"पेंग्विन दक्षिणेला असतात, एवढं मलाही कळतं."

"म्हणूनच."

त्याने अब्रू बाजूला ठेवली आणि चौदा काढले.

या वेळी फोन गेल्यावर कप्तान वीस मिनिटांत पोचले, धापा टाकत. चित्रावर बोट फिरवून त्यांनी पेंग्विन एकेक करून मोजले. मग लेकीकडे पाहिलं. ती पाठमोरी कपबशा विसळत होती, जरा जास्तच मन लावून. त्यांनी काठी कोपऱ्यात उभी केली.

"हे निस्तरायला महिने लागतील," ते बसत म्हणाले. "पाठीला उशी आण गं. आणि जावईबापू, शिडांना इतक्यात हात लावू नका. ती पुढच्या महिन्यात बघू."