प्रश्नांच्या वेळीच बिघडणारं यंत्र

विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात अगदी मागे, छताखालच्या काचेच्या खोलीत टेस्टिंगकाका बसत. प्रत्येक कार्यक्रमाआधी माइकवर "हॅलो, टेस्टिंग" म्हणण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती, त्यामुळे त्यांचं खरं नाव आता पगारपत्रकापुरतंच उरलं होतं. त्यांच्यापुढे बारा कळांचा मिक्सर असे. प्रत्येक माइकची एक कळ. ती वर सरकवली की आवाज मोठा, खाली ओढली की माणूस नुसताच तोंड हलवत राहतो. काका त्या मिक्सरला मऊ फडक्याने पुसत, त्याच्यावर कुणाला चहाचा कप ठेवू देत नसत. बायको म्हणे, "माझ्या गुडघ्यांची कधी एवढी विचारपूस केली नाहीत."

आणि तरीही साऱ्या विद्यापीठात त्या यंत्राची नाचक्की होती. व्याख्यान कसं खणखणीत ऐकू यायचं. पण शेवटी प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि कुणी जरा टोचणारं विचारू लागलं, की श्रोत्यांतला माइक हटकून मान टाकायचा. "भंगारात काढा हो ते," असं लोक म्हणायचे, आणि काका जिन्यावरून खाली मान घालून उतरायचे.

खरी गोष्ट दोघांनाच ठाऊक होती. पहिल्या रांगेत कडेला बसलेले कुलसचिव चष्मा काढून रुमालाने पुसू लागले, की काकांनी श्रोत्यांच्या माइकची सातवी कळ खाली ओढायची. फार पूर्वी एकदाच ते म्हणाले होते, "मी चष्मा पुसला की समजून घेत जा." काका समजून घेत आले. सुरुवातीला कळ ओढण्याआधी इकडेतिकडे बघायचे, पुढे पुढे हात आपोआप जाऊ लागला.

पंचाईत एकच होती. त्यांची लेक याच विद्यापीठात इतिहास शिकत होती, आणि बापाच्या यंत्राला कुणी नावं ठेवली की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "बाबा, तुम्ही गप्प का बसता? तुमच्याइतकं कोण जपतं यंत्राला?" ती जेवताना विचारायची. "जुनं झालंय गं," असं म्हणून काका आमटी वाढून घ्यायचे. भूक नसली तरी.

त्या दुपारी जाहीर व्याख्यान होतं, विषय 'इतिहास आणि आजची लोकशाही'. वक्त्या इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापिका होत्या. टेबलामागून जेमतेम दिसत होत्या, पण पंधरा मिनिटांत त्यांनी सभागृह खिशात घातलं. "राजांचं बरं होतं," त्या म्हणाल्या, "दरबारी वेळेवर हसायचे. लोकशाहीत न हसणाऱ्यांचंही ऐकावं लागतं, हीच तर राज्यकर्त्यांची पोटदुखी." काकाही वर बसून खुदकन हसले.

"जुनी कागदपत्रं चाळताना मला एक गंमत दिसते," बाई पुढे म्हणाल्या. "कुणाचं तोंड कुणी बंद केलं, याची नोंदच सापडत नाही. कुठे छापखान्याची शाई संपलेली असते, कुठे सभेच्या दिवशीच छप्पर गळतं, कुठे..." बोलता बोलता बाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसायला घेतला.

काकांचा हात आपोआप गेला. या खेपेला पहिल्या, वक्त्यांच्या माइकच्या कळेवर.

बाईंचे ओठ हलत राहिले, आवाज गायब. कुलसचिवांनी मागे वळून असे डोळे वटारले, की काच तडकायचीच बाकी राहिली. काकांनी धडपडत कळ वर ढकलली, तेव्हा बाई म्हणत होत्या, "...आणि कुठे हे असं होतं!" टाळ्यांचा कडकडाट झाला. काकांनी शर्टाच्या बाहीने कपाळ पुसलं.

मग प्रश्नोत्तरं सुरू झाली. तिसऱ्या रांगेतून हातात वही घेऊन उठली ती त्यांची लेकच. काकांनी नकळत कॉलर सारखी केली.

"मॅडम, प्रश्न तुम्हाला आहे, पण उत्तर कुणीही दिलं तरी चालेल," ती म्हणाली. "मी तीन वर्षं टिपून ठेवलंय. या सभागृहात वक्त्यांचा माइक आज पहिल्यांदा गेला. श्रोत्यांचा अकरा वेळा गेलाय. आणि अकराही वेळा प्रश्न विद्यापीठाबद्दलच होता. रखडलेले निकाल, वसतिगृहातलं पाणी, पाच वर्षं न झालेल्या विद्यार्थ्यांच्या निवडणुका."

कुलसचिवांनी चष्मा काढला.

"सगळे यंत्राला नावं ठेवतात. ते यंत्र माझे बाबा चालवतात. तान्ह्या बाळासारखं जपतात ते त्याला!"

काकांचं बोट सातव्या कळेवर होतं. ओढली की सुटले. मग पोरगी रात्री वहीत बारावी नोंद करणार आणि जेवताना पुन्हा त्यांचीच बाजू घेऊन भांडणार. तिने भांडावं आणि आपण आमटी वाढून घ्यावी, हे आता त्यांच्याच्याने होणार नव्हतं. त्यांनी हात उचलला आणि चक्क मांडीखाली दाबून त्यावर बसले.

खाली कुलसचिव पुसत होते. एक भिंग झालं, दुसरं झालं, मग काड्या झाल्या. शेवटी इतक्या जोराने पुसलं, की एक भिंग निखळून खुर्च्यांखाली घरंगळलं.

"यंत्र चांगलं आहे, चालवणारा चांगला आहे," लेकीचा आवाज सभागृहभर घुमला, "मग बिघडतं काय?"

बाई हसल्या. "मुली, आम्हा इतिहासवाल्यांना जिवंत साक्षीदार क्वचितच मिळतो. तुझा तर वरच बसलाय." त्यांनी काचेच्या खोलीकडे पाहिलं. शेकडो माना मागे वळल्या.

काकांनी स्वतःचा माइक ओढला. "हॅलो, टेस्टिंग," तोंडून सवयीने निघून गेलं, आणि हशा पिकला. तो विरेपर्यंत ते थांबले.

"यंत्राला कधीच काही झालं नव्हतं," ते म्हणाले. "अकराही वेळा मीच बंद केलं."

लेक तशीच उभी होती, वही छातीशी धरून. "बाबा?" ती म्हणाली. मग, "कुणी सांगितलं होतं?"

पहिल्या रांगेत कुलसचिव गुडघ्यांवर बसून खुर्चीखाली भिंग चाचपडत होते. पोरीचा आवाज रडवेला, अगदी बारीक झाला होता. मागच्या रांगांना तो धड ऐकूही गेला नसेल. काकांनी मांडीखालचा हात काढला आणि सातवी कळ दोन रेघा वर सरकवली.

"परत विचार, बाळ," ते म्हणाले. "सगळ्यांना ऐकू जाऊ दे."