खोटा घट

तीन दिवसांच्या तीन कमानी, आणि तिन्ही एकमेकींच्या जुळ्या बहिणी. वहिनीला पहिला संशय आला तो तिथेच.

रंग दिलेली लोखंडी पट्टी मिठाच्या पाण्यात ठेवली की पाणी थोडंफार मुरतंच. म्हणून यंत्र तिला विजेचा अगदी हलका झोका देतं, घडीत इकडे, घडीत तिकडे; पाळण्यातल्या बाळाची झोप न मोडता त्याचा श्वास ऐकावा तसा. आधी भरभर झोके, मग संथ, मग इतके सावकाश की एकेका झोक्याला मिनिटभर लागावं. दर वेगाचा एक ठिपका पडद्यावर उमटतो, ठिपक्यांची कमान होते. रंग चांगला तर कमान मोठी, गळका तर लहान. पण खरी कमान कधी रेखीव नसते. थोडी दबलेली, थोडी वाकडी, आणि कालच्याहून आज वेगळी. ही मात्र कंपासने काढल्यासारखी!

रंग धाकट्या दिराचा. दोघांचं मिळून छोटंसं काम होतं. तो रंग घोटायचा, ती मोजायची. इस्पितळाची पिण्याच्या पाण्याची टाकी आतून त्याच रंगाने रंगवायची होती. रंगारी दुपारी निघणार होते, वहिनीची सही झाली की.

“वहिनी, झाली का सही?” दीर दारातूनच म्हणाला.

“गाडी सुटतेय का तुमची?”

“रंगारी खोळंबलेत.”

“रंग फारच चांगला झालाय, भावजी. तीन दिवस पाण्यात बसून घोटभरसुद्धा प्यायला नाही.”

दीर हसला, पण पडद्याकडे त्याने पाहिलं नाही. वहिनीच्या मनात पाल चुकचुकली. मागे एकदा डब्यात थिनर जास्त ओतून, “हवाच दमट होती,” म्हणत त्याने हात झटकले होते.

तो चहा आणायला गेला तशी तिने मोजणी सुरू केली आणि मध्येच पट्टी पाण्यातून उचलली. कमान तिथेच विस्कटायला हवी होती. पट्टी हवेत निथळतेय आणि पडद्यावर ठिपके आपले सुखाने पडताहेत! तिने वायर धरून माग काढला. क्लिपा पट्टीला नव्हत्याच. भांड्यामागच्या छोट्या पेटीला होत्या. त्या पेटीला ते दोघं खोटा घट म्हणत. आत ना पाणी ना लोखंड, नुसते ठरावीक मापाचे दोन-तीन सुटे भाग. यंत्र ठीक आहे का, एवढंच बघायला ती जोडायची. तिची कमान जन्मभर तीच.

दीर कप घेऊन आला.

“कमाल केलीत, भावजी. आजारी माणसं पिणार होती ते पाणी.”

त्याने पेटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “मी? त्या क्लिपांना हात लावलात तर बोटं मोडीन, असं कोण म्हणालं होतं? सोमवारी पेटी तुम्हीच जोडलीत. मी बाहेर पट्ट्या घासत होतो.”

वहिनीने सोमवार आठवून पाहिला. सोमवारी यंत्र तपासलं. इस्पितळाच्या इंजिनिअरचा फोन आला. बोलून परत आली, पट्टी पाण्यात सोडली, बटण दाबलं. क्लिपा हलवल्याच नाहीत. नंतर रोज नुसतं बटण.

“मग पडद्याकडे का बघत नव्हतात?”

दिराने कप खाली ठेवला. “एवढी देखणी कमान माझ्या रंगाची नव्हे, हे मला परवाच कळलं. वाटलं, घरातला म्हणून तुम्हीच सांभाळून घेताय.”

“आणि गप्प बसलात?”

“बसलो.”

चूक कबूल करणं सोपं गेलं असतं तिला. पण आपण त्याच्यासाठी खोटी कमान दाखवू, हे याला किती सहज पटलं! आणि पटल्यावर ते किती सोयीचं वाटलं!

तिने इंजिनिअरला फोन लावला. “आज रंगारी पाठवत नाही. मोजणी वाया गेली. चूक माझी.”

“मोजणी चुकली, की रंग?” पलीकडचा आवाज बारीक झाला.

“ते अजून मलाच माहीत नाही.”

मग तिने पट्टी पुन्हा पाण्यात सोडली, क्लिपा तिला लावल्या आणि बाजूला सरली. “नीट बसल्यात का, तुम्ही बघा.”

दिराने वाकून दोन्ही क्लिपा ओढून पाहिल्या. “बसल्यात.”

वहिनीने मान हलवली. आणि तो मागे होताच तिने त्या स्वतः ओढून पाहिल्या.