काय गं ते?

गुणवंत मांडवकरांना गोष्टींची कधी ददात नव्हती. ददात होती ती शब्दांची, आणि ते शब्द बायकोकडे असायचे. गोष्ट रंगात आली की गडी मधेच अडायचा, हवेत बोटं फिरवायचा आणि स्वयंपाकघराकडे मान वळवून विचारायचा, "ते आपलं... काय गं ते?" सुगंधाबाई कढईतलं उलथणं न थांबवता आतून सांगायच्या, "पक्कड." नाहीतर "शिडी." नाहीतर "बोरकर साहेब." त्यांना कसं कळायचं देव जाणे, गोष्ट अर्धीमुर्धीच कानावर पडलेली असायची, पण शब्द बरोब्बर निघायचा. "हां, पक्कड!" म्हणत गुणवंतराव पुढे सुटायचे. सगळा संसार ह्या एका प्रश्नोत्तरावर झाला म्हणा ना. बायकोचं नाव मात्र त्यांनी कधी घेतलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. पुढे "अगं" आणि "काय गं" वर भागलं.

टेलिफोन खात्यात ते लाइनमन होते. गोडदेवला भातखाचरं होती आणि खारी गावाच्या पलीकडे मिठागरं चमकायची, तेव्हापासून भाईंदरच्या खांबांवर चढलेले. जुन्या कितीतरी घरांत पहिला फोन ह्यांच्या हातचा. पण रिटायर झालेल्या माणसाच्या गोष्टी ऐकायला वेळ कुणाला? बायकोला तर सगळ्या पाठ. मग एका रविवारी मुलगी रुचिता, जी एका जाहिरात कंपनीचं काम घरूनच करायची, म्हणाली, "पप्पा, आपण पॉडकास्ट करूया."

"म्हणजे रेडिओ?"

"रेडिओच. फक्त लोक त्यांना पाहिजे तेव्हा ऐकतात."

"आणि त्यांना नको असेल तर?"

"तर नाही ऐकत," रुचिता हसून म्हणाली. हसली खरी, पण सगळी गोम तिथेच होती.

नाव ठेवलं 'हॅलो, कोण बोलतंय?' पहिले भाग ऐकले कुणी, तर रत्नागिरीच्या आत्यानं, बिल्डिंगच्या ग्रुपवरच्या चार माणसांनी आणि शेजारच्या नीलमबेननं, जिला मराठी अर्धंच कळायचं. रुचितानं ओळखीच्या प्रत्येकाला लिंक पाठवली. सगळ्यांनी अंगठा पाठवला. अंगठा दाखवणं ह्याचा मराठीत जो अर्थ आहे, तोच मोबाइलवरही निघाला. कुणी ऐकलं नव्हतं.

रुचिता हट्टी. तिनं बापाच्या गोष्टी जगाला ऐकवायच्याच, असं मनावर घेतलं. आणि हे आधीच सांगून ठेवते बाई, तिचं बापावर जीवापाड प्रेम होतं. पुढचं ऐकून तिला शिव्या घालायच्या आधी एवढं लक्षात असू द्या.

तिनं खारीच्या म्हातारीची गोष्ट उचलली. वर्षानुवर्षं नंबर लावून त्या घरात फोन आला. म्हातारीनं त्याला हळदकुंकू वाहिलं, हार घातला, पुढे पेढा ठेवला. तेवढ्यात घंटी वाजली, तर सगळं घर हात जोडून उभं! उचलेना कुणी. गुणवंतराव ओरडतायत, "अहो, उचला, उचला!" आणि म्हातारी म्हणते, "देव बोलतोय त्याच्यात, मधे हात नको घालू." एवढाच तुकडा रुचितानं कापून सगळीकडे टाकला आणि तो धावला. कुठून कुठून लोक आले. पुणे, नाशिक, दुबई. नीलमबेन जिन्यात ओरडली, "अरे सुगंधाबेन, अंकल तो स्टार बन गये!"

आता आलेले लोक टिकवायचे कसे? पॉडकास्टला एक रेघ असते. किती माणसं ऐकतायत आणि कुठे सोडून जातायत, ते त्या रेघेवर दिसतं. रुचिता ती रेघ बघत बसायची. रेघ छान चाललेली असायची आणि मधेच धपकन खाली यायची. तिथे जाऊन ऐकावं, तर दर वेळी तेच. "ते आपलं... काय गं ते?" मागून कुकरची शिट्टी, आणि लांबून आईचा आवाज, "रिसीव्हर!"

मग तिनं ते कापलं. प्रश्न कापला, शिट्टी कापली, आईचं उत्तरही कापलं. रेघ सरळ झाली.

पुढच्या रेकॉर्डिंगला तिनं आईला सांगितलं, "आई, तू मधे बोलू नकोस ना. पप्पांचा फ्लो तुटतो."

"मी नाही बोलले तर त्यांना आठवणार कसं?"

"मी आहे ना."

रेकॉर्डिंग असलं की गॅस बंद करून सुगंधाबाई नीलमबेनकडे जाऊन बसायच्या. बेडरूमचं दार लागायचं, पंखा बंद व्हायचा. आणि गुणवंतरावांनाही रुचितानं अगदी मायेनं समजावलं, "पप्पा, तुम्ही 'काय गं ते' म्हटलंत ना, की लोक सोडून जातात."

"जातात?"

"हो ना. दिसतं मला."

गुणवंतरावांच्या हे फार जिव्हारी लागलं. शिस्तीचा माणूस. लोक आपल्यामुळे जातात म्हटल्यावर त्यांनी विचारणंच सोडलं. शब्द अडला की गप्प बसायचे, घाम पुसायचे, रुचिताकडे बघायचे. रुचिता हातानंच खूण करायची, चालू दे, मी कापते नंतर.

आधी अडायची ती साहेबांची नावं. मग गावांची. मग पक्कड, शिडी, वायर. एक दिवस 'खांब' अडला. अहो, ज्या माणसाचं अख्खं आयुष्य खांबावर गेलं, त्याला खांब आठवेना! "त्याच्यावर... त्या उंच ह्याच्यावर चढलो..." रुचितानं चमकून बापाकडे बघितलं. वय झालं, तिनं स्वतःला सांगितलं. दमले असतील. शिवाय त्या आठवड्यात ऐकणारे दुप्पट झाले होते. तिनं जुन्या भागातला, वडिलांच्याच आवाजातला 'खांब' काढला आणि इथे बसवला. सांधा कळला सुद्धा नाही. मग तिनं असे शब्दच बाजूला काढून ठेवले. घंटी, तार, मिठागर, पावसाळा. लागेल तो उचलायचा आणि बसवायचा. पहिल्यापहिल्यांदा तासाभराच्या बोलण्यातून जवळजवळ सगळं हाती लागायचं. आता निम्मंही लागेना. पण जे लागायचं ते इतकं सुंदर, की लोक लिहायचे, काका काय ओघवतं बोलता हो तुम्ही!

आणि सुगंधाबाई? त्या दुपारी कानात वायरी घालून प्रत्येक भाग ऐकायच्या. भाजी निवडता निवडता मधेच थांबायच्या, शब्द सांगायला तोंड उघडायच्या, आणि तेवढ्यात गुणवंतराव स्वतःच तो शब्द म्हणून पुढे निघून गेलेले असायचे. "बघ गं," त्या एकदा लेकीला म्हणाल्या, "किती सलग बोलायला लागलेत. माझी गरजच उरली नाही." त्यात कौतुक होतं, आणि थोडं दुखलंही होतं. घरात नवरा हल्ली गप्प असतो हे त्यांना दिसत होतं. पण त्यांना वाटलं, सगळं बोलणं तिथे होतं, दमतात बिचारे. रुचितानं मान हलवली आणि ती लॅपटॉपकडे वळली. तेव्हा एक शब्द बोलली असती तर! पण नाही बोलली.

मग ऐकणाऱ्यांनीच मागणी केली, काकांना प्रत्यक्ष ऐकायचंय. नवघर रोडवरचा एक छोटा हॉल मिळाला. खुर्च्या भरल्या, मागे लोक उभे राहिले. विरार, ठाणे, कुठून कुठून आलेले. रुचिताला भरून आलं, हेच तर तिला पाहिजे होतं. गुणवंतराव इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून स्टेजवर. सुगंधाबाई पहिल्या रांगेत, मोगऱ्याचा गजरा माळून. कुणीतरी मागून ओरडलं, "काका, खारीची म्हातारी!" टाळ्या पडल्या.

सुरुवात झकास झाली. म्हातारी आली, हळदकुंकू आलं, हार आला. "आणि मग तो हार तिनं घातला त्या... त्या आपल्या..."

हॉल वाट बघत होता. इथे कापणारं कुणी नव्हतं.

गुणवंतरावांची बोटं हवेत फिरली. मान आपोआप पहिल्या रांगेकडे वळली. ओठ हलले, पण विचारलं नाही त्यांनी. विचारलं की लोक जातात ना! सुगंधाबाईंच्या जिभेवर शब्द आलेला होता, अगदी दातापर्यंत. त्यांनी तोंडावर हात दाबला आणि लेकीकडे बघितलं. सांगू का?

कडेला उभ्या रुचितानं मान हलवली. नको. आठवेल त्यांना.

गुणवंतरावांनी रिकामी मूठ कानाला लावली. "हॅलो?" म्हणाले. हॉल हसला. काय ॲक्टिंग करतात काका! "हॅलो? हॅलो?" टाळ्या कडकडल्या. तेही हसले थोडं, लोकांकडे बघून. मग मूठ कानाला तशीच धरून त्यांनी विचारलं, "कोण बोलतंय?" तो आवाज ऐकून पहिल्या रांगेतल्या टाळ्या थांबल्या. हळूहळू मागच्याही थांबल्या.

सुगंधाबाई उठल्या. निऱ्या धरून स्टेजच्या पायऱ्या चढल्या, नवऱ्याची मूठ दोन्ही हातांनी खाली घेतली आणि कानाशी म्हणाल्या, "टेलिफोन."

"हां," गुणवंतराव म्हणाले. पण गोष्ट पुढे गेली नाही.

डॉक्टरांनी चित्रं दाखवली, कागदावर घड्याळ काढायला सांगितलं, डोक्याचा फोटो काढायला पाठवलं. मेंदूचा आजार, म्हणाले. ह्यात आधी शब्द जातात, मग बाकीचं. "कधीपासून होतंय हे?"

"आत्ताच हो," सुगंधाबाई म्हणाल्या. "त्या हॉलमधे पहिल्यांदाच. त्याआधी इतकं छान बोलत होते! मी सगळे भाग ऐकलेत ना."

"नाही," रुचिता म्हणाली. "दीड वर्ष झालं."

आईनं तिच्याकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले, बरं होण्यातलं नव्हतंच हे, पण लवकर आला असतात तर औषधानं थोडं लांबवता आलं असतं. थोडं म्हणजे किती, ते रुचितानं विचारलं नाही. तिच्यात तेवढी हिंमत नव्हती. परत येताना गोडदेवच्या नाक्यावर रिक्षा वळली तेव्हा सुगंधाबाई एवढंच म्हणाल्या, "मला बोलू द्यायचं होतंस गं. मी सांगितले असते ना शब्द." रुचिता तोंडावर ओढणी धरून रडली. गुणवंतराव दोघींच्या मधे बसून बाहेरच्या वायरी बघत होते.

लोक विचारत राहिले, नवा भाग कधी? रुचिताजवळ मालमसाला चिकार होता. साठवलेले शब्द जोडजोडून आणखी वर्षभर काका ओघवते बोलले असते, कुणाला पत्ता लागला नसता. तिनं त्या शब्दांना पुन्हा हात लावला नाही.

एक दिवस ती माइक घेऊन बेडरूमऐवजी बाहेरच्या खोलीत बसली. पंखा चालू. दार उघडं. आई आत कांदा चिरत होती. "आई, तू तिथेच राहा," ती म्हणाली, "आणि बोल." मग वडिलांना म्हणाली, "पप्पा, आपल्या घरात फोन आला तो दिवस सांगा."

गुणवंतरावांनी आधी माइककडे बघितलं, मग तिच्याकडे. "विचारलं तर चालेल?" ते हळूच म्हणाले.

"चालेल, पप्पा. पाहिजे तेवढं विचारा."

मग ते बोलायला लागले. अडत, थांबत. "खांद्यावर ते... काय गं ते?"

"वायरचं भेंडोळं," आतून आलं.

"हां. भेंडोळं. आणि हातात तो... काय गं?"

"फोन. लाल."

"लाल! हां." त्यांचा चेहरा उजळला. "जिना चढून आलो. घामाघूम. दार उघडंच. आणि दारात उभी ती... ती आपली..." बोटं हवेत फिरली. फिरत राहिली. मान स्वयंपाकघराकडे वळली. "काय गं ते?"

आतला सुरीचा आवाज थांबला. रुचिताला वाटलं, आता माइक बंद करावा. तिनं केला नाही.

"सुगंधा," आतून आवाज आला. जसा पक्कड म्हणताना यायचा, तसाच.

"हां, सुगंधा!" गुणवंतराव खूश होऊन म्हणाले. "फार गुणाची होती हो ती. मला म्हणाली, फोन वाजला तर मी काय बोलू?"

आतली सुरी पुन्हा चालायला लागली. मग सुगंधाबाई म्हणाल्या, "हं. पुढे सांगा."