सोमवारचा उंडो

“पाण्यात उतरायच्या आधी काय खाल्लं होतंत, आजी?” पेडण्याच्या डॉक्टरबाईंनी विचारलं.

“सोमार न्हय तो?” देवकी म्हणाली.

सोमवारी देवकी दिवसभर कडकडीत उपास करते आणि दिवेलागणीला सोडते, हे पार्से गावात सगळ्यांना ठाऊक होतं. डॉक्टरबाईंनाच तेवढं कुणी सांगितलं नव्हतं. शेजारी तिचा मुलगा अनंत कपाळाला हात लावून बसला होता.

गेल्या वर्षी देवकीचे गुडघे इतके अडले, की न्हाणीतून स्वयंपाकघरात यायचं म्हणजे भिंत धरावी लागे. अनंताची नोकरी पणजीत. तो म्हणाला, घराला कुलूप लावू, माझ्याकडे चल. देवकी तयार होईना. याच घरात ती नवरी होऊन आली होती आणि तिच्या नवऱ्याने, दत्तारामाने, प्राण सोडला तोही याच माजघरात. तेव्हा डॉक्टरबाईंनीच मार्ग काढला. पोहता येतं ना? मग आठवड्यातून तीन वेळा, अर्धा-अर्धा तास पोहा, मध्ये एखाददुसऱ्या दिवसाची विश्रांती घ्या. रोजचा हट्ट नको, आणि एकदाच जाऊन काही साधणार नाही. मात्र एकटीने जायचं नाही.

पोहायला ती लहानपणी शिकली होती, काखेखाली दोन सुक्या नारळांची जोडी बांधून. गावच्या झरीची तळी तिथेच होती. नारळही मिळाले. प्रश्न सोबतीचा होता. शेजारची जानकी एका पायावर तयार झाली, पण ती मासे विकणारी. सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी गावात कुणी मासे घेत नाही, तेव्हा टोपली पालथी घालून ती मोकळी. तेच पाण्याचे वार ठरले आणि नेमके तेच देवकीच्या उपासाचे. तिला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट देवाच्या वाराला पाण्यात उतरायचं, म्हणून तिला बरंच वाटलं.

गुडघे सुटले. देवकी विहिरीचं पाणी शेंदू लागली, अंगणात खाली बसून काजूच्या बिया निवडू लागली. मोपाच्या विमानतळावर उतरणारं विमान डोक्यावरून गेलं की उताणी तरंगत त्याच्याकडे बघायची, आणि काठावरची जानकी तिला म्हातारं बेडूक म्हणायची. आणि मग परवाच्या सोमवारी तिच्या डोळ्यांपुढे काळोख आला. जानकीला पोहता येत नव्हतं. नारळांच्या दोरीचं लांब टोक हातात होतं म्हणून तिने देवकीला पायरीपर्यंत ओढून आणलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, पोहणं सोडू नका, उपाशी पोहणं सोडा. तासभर आधी थोडं काहीतरी खाऊन जा.

गुरुवार-शनिवारचं काही नव्हतं, ते उपास तिने तिथल्या तिथे सोडले. सोमवार मात्र सोडवेना. दत्ताराम आजारी पडला तेव्हा तिने सोळा सोमवार बोलले होते. थोडे राहिले असतानाच तो गेला. उद्यापनाला नवरा-बायकोने जोडीने बसायचं असतं. ती कुणाबरोबर बसणार? उद्यापन झालं नाही म्हणून उपासही संपला नाही.

सोमवारचं पोहणंच गाळून शनिवार ते गुरुवार काढून तिने पाहिलं. बुधवारी पुन्हा भिंत धरावी लागली. पणजीहून आलेल्या अनंताने हे पाहिलं आणि कपाटावरची बॅग काढली.

त्या संध्याकाळी जानकी ओट्यावर येऊन बसली. मग म्हणाली, “दत्ताराम आज असतो, तर तुका उपाशी पोटान पाण्यात उतरूक दितो?”

देवकी उठली. आत जाऊन मुलाला म्हणाली, “येतलंय रे पणजेक. पांय सरले म्हणजे येतलंय.” पाय चालतात तोवर ती येणार नाही, हे ओळखून अनंताने बॅग परत वर ठेवली.

सोमवारी सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला. सोमवारी तो या दारात थांबत नसे. देवकीने हाक मारली तेव्हा पुढे गेलेला माणूस वळून आला. उतारवयाचा, मुकाट्याने पाव देणारा. त्याने जुन्या सवयीने दोन उंडे, गोल कडक पाव, तिच्या हातावर ठेवले. दत्ताराम असताना या घरात दोनच लागत.

देवकीने दोन कप चहा ओतला, एक आपल्यापुढे आणि एक समोर. पहिला तुकडा चहात बुडवला, पण तोंडापर्यंत नेताना तिला रडू आलं. “रागावू नकात हां,” ती समोरच्या कपाला म्हणाली. मग तो तुकडा खाल्ला. हळूहळू सगळा उंडो संपवला.

तासाभराने तिने दोन्ही कप विसळून पालथे घातले आणि नारळांची जोडी खांद्यावर टाकली. दुसरा उंडो तसाच होता. तो तिने पदरात बांधून घेतला. पाण्यातून वर आल्यावर भूक लागते.