पिशवीत उरलेला बिल्ला

मित्रांनो, रुपयाएवढा, पितळेचा, एका कडेला ठेचलेला असा मी एक जुना बिल्ला आहे. मुरुमच्या एका कासारानं फुटक्या भांड्याच्या पत्र्यातून मला कापलं आणि पोटावर प्याल्याचं चित्र ठोकलं. मी आणि माझी भावंडं एका कापडी पिशवीत राहायचो. ती पिशवी असायची बंडप्पा चिटणिसांजवळ.

आमची प्रेस्बिटेरियन पंथाची ख्रिस्ती मंडळी लहान. पाळकसाहेब सोलापूरकडून, निजामाचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका ओलांडून, वर्षातून एखाद्या वेळीच यायचे. एरवी कारभार मंडळीनं निवडलेले वडीलधारे बघत, त्यांना ‘वडील’ म्हणायचे. बंडप्पा त्यांच्यातलेच. शेतकरी माणूस, पण अक्षर वळणदार. कुणाचा बाप्तिस्मा झाला, कुणाचं लग्न लागलं, वडिलांच्या सभेत काय ठरलं, हे सारं ते आधी प्रार्थना करून मगच लिहीत.

प्रभुभोजन म्हणजे येशूच्या आठवणीत एका मेजाशी भाकर आणि प्याला वाटून घेणं; त्याच्या आदल्या दिवशी चिटणीस यादी वाचायचे आणि आम्हाला एकेकाच्या तळहातावर ठेवायचे. बिल्ला असेल त्यानंच दुसऱ्या दिवशी मेजाशी बसायचं. ज्याचं कुणाशी वैर असेल, त्याचा बिल्ला समेट होईपर्यंत थांबायचा. त्या उबदार तळहातांची आम्ही किती वाट बघायचो म्हणून सांगू!

निजामी अमलाची ती शेवटची वर्षं. रोज नवी अफवा उठायची, गाड्या भरून माणसं सरहद्दीपलीकडं निघायची. पाळकसाहेब या खेपेला भोजनासाठी आले होते, पण पुन्हा कधी येतील, याचा नेम नव्हता. बंडप्पांच्या चुलतभावाची विधवा शिवम्मा हीसुद्धा भोजन झालं की लेकरं घेऊन सोलापूरला जाणार होती. आणि नेमकी याच खेपेला यादी संपली, तेव्हा पिशवीत मी एकटाच उरलो.

मी तिचा होतो. तिची म्हैस बंडप्पांच्या कडब्यात शिरली, त्यांनी ती कोंडवाड्यात घातली, आणि शिवम्मानं भर विहिरीवर त्यांना नको नको ते सुनावलं. तिचे बोल सभेच्या वहीत उतरले. बंडप्पांनी उलट काय सुनावलं, ते उतरलं नाही. लेखणी त्यांच्याच हातात होती ना.

मला करमेना. पिशवी हलली की मी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात घरंगळायचो. बंडप्पांचंही तसंच. गुडघे टेकायचे, उठायचे, पुन्हा टेकायचे. ताट तसंच सारलं. त्यांची बायको जगदेवी म्हणाली, “कोंडवाड्यातल्या म्हशीवानी काय फिरायलाव?”

सकाळी आमच्या देवळाची घंटा झाली. शिवम्मा दाराशीच उभी राहिली. बंडप्पा जवळून जाताना तिनं हळूच विचारलं, “भावजी, बोललो आपण दोगंबी. माझा बिल्ला तुमी अडवला, बरूबर हाय. तुमचा कोन अडवायचा?”

खरंच, चिटणिसाला बिल्ला देणारं कुणी नव्हतंच. ते आपला आपणच घ्यायचे. बंडप्पा तडक पाळकसाहेबांपुढं गेले, खिशातला बिल्ला काढून त्यांनी पिशवीत माझ्याशेजारी टाकला.

“माझंबी नाव थांबवा,” ते म्हणाले. “हिच्या गेलेल्या नवऱ्याचं नाव काढून मी घाण बोललो. ते मी लिवलं न्हाय.” मग वळून म्हणाले, “शिवम्मा, चुकलं माझं.”

“माझी जीभबी लई चालली, भावजी,” ती म्हणाली.

समेट झाला म्हणून पाळकसाहेबांनी मान डोलावली. बंडप्पांनी मला तिच्या हातावर ठेवलं. तिनं पदर सावरला, पिशवीत हात घातला, आणि आतला बिल्ला काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. चिटणिसांना त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी बिल्ला दिला.

दुपारी तिची गाडी नाक्याकडं गेली. पुढं निजामी गेली, बिल्ल्यांची चालही मोडली. आता मी देवळाच्या कपाटात हिरवा पडून आहे.

मित्रांनो, मला चिंचेनं घासलं नाही तरी चालेल. पण उद्या वर्गात कोण चुकलं ते लिहायची यादी तुमच्या हाती आली, तर तुमचं स्वतःचं नाव त्यात बसतं का, ते दुसऱ्या कुणाला तरी ठरवू द्या.